बिनमुहूर्ताचं बेट

कोपरगावचे लोक आमच्या बेटात दोनच कामांसाठी येतात, लग्न लावायला आणि पूर बघायला. दोन्ही वेळा एक पाय माघारी फिरायच्या तयारीत. मला त्यांचा राग आहे आणि तो कमी व्हावा असं वाटतही नाही.

एरवी हे बेट कुणाला दिसतच नाही. उन्हाळ्यात गोदावरीचा मागचा फाटा आटतो, त्यात बाभळी आणि गावानं टाकलेला कचरा. पण शुक्राचार्यांचं देऊळ इथं, म्हणून इथल्या लग्नाला मुहूर्त लागत नाही. पंचांगानं हात टेकले की सगळं गाव आमच्याकडं धावतं. एका शिष्यानं इथंच विद्या घेतली आणि गुरूच्या मुलीला नाही म्हणून चालता झाला, अशी कथा आहे. काम साधून निघून जायची रीत तेव्हापासूनची.

धाकट्या बहिणीचं लग्न गावातल्या एका दुकानदाराच्या मुलाशी ठरलं. चातुर्मास चालू होता, पण मुलाच्या आजोबांना डोळ्यांदेखत नातसून बघायची होती, म्हणून बेटातच उरकायचं ठरलं. आम्हाला मुहूर्त बघायची सवयच नाही. तारीख धरताना पंचांग सोडाच, नदीकडंही कुणी बघितलं नाही. लग्नाच्या सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडलं, पूल बुडाला आणि वऱ्हाड पलीकडूनच परत फिरलं. बहीण हळदीच्या अंगानं दिवसभर बसून राहिली.

पाणी ओसरल्यावर मुलगा आणि त्याचे वडील घरी आले. आईनं चहा दिला.

"झालं ते झालं," त्याचे वडील म्हणाले. "म्हातारं थांबंल तवर. आता चातुर्मास सरला की मुहूर्त काढून गावात कार्यालयात करू. तुमच्या बेटाचं काय खरं न्हाई. अन् लगीन झाल्यावर पोरीनं सारखं हिकडं यायचं न्हाई, आत्ताच सांगतो."

माझे वडील हो-हो करत मान डोलवत होते. त्या मानेचा मला आजही संताप येतो.

बहीण दारात येऊन उभी राहिली. "मुहूर्त कशाला? देऊळ उघडं हाय, भटजी घरी हायेत. आत्ता लावू." मग मुलाकडं वळून म्हणाली, "तुमी बोला."

मुलगा बापाच्या तोंडाकडं बघायला लागला. बघतच राहिला.

बहिणीनं पुढं होऊन त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली. अर्धा चहा तसाच होता. तो तिनं त्याच्यासमोर अंगणात ओतला आणि म्हणाली, "पूल मोकळा झालाय. जावा."