माझ्या नावावरचं हत्यार

त्या दिवशी बंदुका दुरुस्तीच्या दुकानात आम्ही चौघं व्हतो. मी, माझा थोरला पोरगा, त्याची बायको आन् दुकानाचे मालक. मालक साठीचे असतील, अंगात इस्त्रीचा शर्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पाचवं कुणी न्हाई. पोरानं आत आल्या आल्या दाराची काच लोटून घेतली, तवा मालक म्हणाले, "दार उघडं असू द्या. दुकान आहे हे, तिजोरी नाही."

मी सांगते आन् नात लिहिते. मला सही येती, पाटी वाचायला येती, त्याच्या पुढं शाळा झाली न्हाई.

हत्यार माझ्या मालकांचं, म्हंजे नवऱ्याचं. सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, स्टेनलेसचं, घासलेल्या ताटावाणी पांढरं. आमच्या गावात, धायरीत, जमिनी इकाय लागल्या, घरोघरी पैसा आला, तवा त्यांनी रीतसर परवाना काढून घेतलं. कमरंला लावायचे आन् शर्ट मुद्दाम आखूड शिवायचे. चार लोकांत बसले की हात वर करून आळस द्यायचे, म्हंजे सगळ्यांना दिसावं. उडवलं एकदा बी न्हाई. तरी लोक त्यांच्याशी दबून बोलायचे.

ते गेले. पोराला परवाना पायजे व्हता, पर त्याच्यावर मारामारीची केस. चुलतभावाचा हात मोडला व्हता त्यानं. मंग वारस म्हणून माझ्या नावानं अर्ज केला. मला मैदानावर न्हेलं, कानाला टोपणं लावली, दोन्ही हातांत ते जड धूड दिलं. मी डोळे मिटून घोडा ओढला. पहिली गोळी कुठं गेली ती अजून कुणाला घावली न्हाई. तरी कागद मिळाला. परवाना माझ्या नावावर, हत्यार पोराच्या कमरंला आन् कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. असं आमचं चाललं व्हतं.

भांडण एका पट्टीवरनं. सासऱ्यांच्या पाठीमागं माझे मालक आन् धाकले दीर, दोघांनी जमीन वाटून घेतली, इकली, बिल्डिंगी झाल्या. मधी दहा फुटांची पट्टी राहिली. आमच्या मागच्या प्लॉटवर जायाला तीच वाट. दिराचा पोरगा, म्हंजे हात मोडलेला तो पुतण्या, म्हणायचा आमची, माझा म्हणायचा आमची. हा पुतण्या काय परका न्हवं. माझी जाऊ बाळंतपणात आजारी पडली तवा सहा म्हयने माझ्याच घरात व्हता. माझ्या एका बाजूला तो, एका बाजूला हा, असे झोपवलेत मी.

सरकारी मोजणी लागली. घट बसायच्या आधीची तारीख आली. त्याच दिवशी जेवताना पोरगा ताटाकडं बघत म्हणाला, "मोजणीला त्यो पट्टीवर उभा राहणार. राहू दे. तिथंच झोपवतो त्याला."

सुनेच्या हातातली पळी थांबली. मी म्हणलं, "भात घे."

असलं तो दारू पिऊन बोलला असता तर मी मनावर घेतलं नसतं. पर तो शुद्धीत व्हता, आन् शांत. त्याचा बाप चिडला की घर डोक्यावर घ्यायचा. ह्यो चिडला की गप बसतो. त्यानं भावाचा हात मोडला त्या दिवशी बी असाच भात कालवत बसला व्हता.

दोन-तीन दिवसांनी सून मागच्या मोरीत माझ्याजवळ येऊन बसली. आमच्यात सून सासूला आत्या म्हणती.

"आत्या, त्यांना त्याला काळं करायचं हाय."

"कशाला?"

"रिव्हॉल्व्हरला. गंजाचे ठिपके पडल्यात, चाक अडकतंय म्हणत्यात. आन् चकाकतंय म्हणत्यात. लांबनं दिसतंय."

बापानं ते दाखवायला घेतलं व्हतं. दाखवायच्या वस्तूला कुणी काळं करत न्हाई. ज्याला ती दिसू द्यायची नसती त्यो काळं करतो.

चौकीत जाऊन सांगावं, तर पहिला प्रश्न आला असता, तुमच्या नावाचं हत्यार पोराच्या कमरंला कसं? तो आत, मी बी आत. किल्ली मागावी, तर त्यानं दिली नसती. समजूत काढावी, तर काढून झाली व्हती. मंग एका सकाळी त्यानंच हाक मारली, "आई, लुगडं बदल. पेठेत जायचंय. तुझ्याबिगर त्यो दुकानवाला काम घेत न्हाई."

सून म्हणाली, मी बी येते. तो नको म्हणाला. ती तरी गाडीत जाऊन बसली.

सिंहगड रोडला नेहमीसारखी गाड्यांची रांग. तो हॉर्न वाजवत व्हता, आम्ही दोघी मागं बसलेल्या. हत्यार टॉवेलात गुंडाळून पुढच्या सीटवर. ब्रेक मारला की ते सरकायचं आन् सून डोळे मिटायची.

दुकानात मालकांनी टॉवेल उलगडला. आधी चाक उघडून गोळ्या न्हाईत ना ते बघितलं. परत एकदा बघितलं. मंग माझा परवाना घेतला, आकडा हत्यारावरच्या आकड्याशी ताडला. दिव्याखाली धरून मुठीजवळचे, नळीखालचे तांबूस ठिपके बघितले.

पोरगा म्हणाला, "स्टेनलेस हाय ना? मंग गंजतंय कसं? फसवलं का काय बापाला?"

"स्टेनलेस म्हणजे कमी गंजणारं. न गंजणारं असं कोणी लिहून दिलं होतं का? माणसाचा घाम खारट असतो. पँटीत खोचून पावसाळाभर हिंडलं की हेच होणार." मालकांनी चष्म्यावरनं त्याच्याकडं बघितलं. "परवाना कोणाच्या नावावर आहे?"

"आईच्या."

"मग हा घाम कोणाचा?"

सुनेनं पदर तोंडाला लावला. पोराची मान लाल झाली. मी म्हणलं, आता हा टॉवेल उचलणार आन् निघणार. निघाला असता तर हत्यार परत त्याच्या कमरंला गेलं असतं.

मी बोलले, "माझाच हाय. मला लई घाम येतो."

मालकांनी परवान्यावरचं माझं नाव परत वाचलं. मंग म्हणाले, "असं. तब्येत सांभाळा." आन् कपाटातनं लोखंडाचे तीन तुकडे काढून टेबलावर ठेवले.

पहिला तुकडा नुसता घासून चकचकीत केलेला. ठिपके घासून काढायचे, तेलाचा हात फिरवायचा, संध्याकाळपर्यंत घरी न्या. पर दर पावसाळ्यात परत हेच. दुसरा काळा कुळकुळीत, तव्यावाणी. वरनं थर मारून भट्टीत भाजायचा. घामाला चांगला, उजेडात चमकत न्हाई. आठवड्यात मिळंल. तिसरा पांढरट राखाडी. हार्ड क्रोम, म्हंजे टाकीत बुडवून चढवलेला धातूचा थर. सगळ्यात कडक, पातळ बसतो, आकडा बुजत न्हाई.

पोरानं काळा तुकडा उचलला. "ह्यो. आन् आठवडा न्हाई, चार दिवसांत द्या. वरचं काय असंल ते देतो."

मी इचारलं, "आन् ह्या पांढऱ्याला किती दिवस?"

"त्याला वेळ लागतो, बाई. एका नगासाठी मी टाकी लावत नाही, चार-पाच जमावे लागतात. दसऱ्यानंतर बघू."

दसऱ्यानंतर. मोजणी घट बसायच्या आधी. माझ्या मनात ते दोन दिवस शेजारी शेजारी उभे राहिले. मी तिसऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो द्या."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?" पोरगा म्हणाला. "भांडं घ्यायला आलो का आपण? मालक, काळा करा."

मालकांनी काळा तुकडा त्याच्या हातातनं काढून घेतला. "हत्यार यांच्या नावावर. बाई सांगतील ते."

"मी घेऊन आलोय!"

"गाडी तुम्ही आणलीत. हत्यार यांनी आणलंय. उलटं असेल तर तसं सांगा, म्हणजे मला दुसरीकडे फोन करता येईल."

पोरगा माझ्याकडं वळला. आवाज खाली आणला, गोड केला. "आई, खंडेनवमीला हत्यार घरात पायजे. वडलांनी एक वर्ष चुकवलं का? पूजा कशाची करायची?"

"कोयता हाय. विळा हाय. त्यांची कर."

"आई."

"क्रोम," मी म्हणलं. तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला.

तो माझ्या इतका जवळ आला की त्याचा श्वास लागत व्हता. हात टेबलावरच्या टॉवेलावर. त्यानं उचललं असतं तर ना मी त्याला आवरू शकले असते, ना ते चष्मेवाले. मला वाटलं आता उचलतोय. सून तवा पुढं आली. लग्नाला वीस वर्सं झाली, चारचौघांत नवऱ्यापुढं तोंड उघडलं नव्हतं तिनं. ती म्हणाली, "अहो, घरी पोरं हायत." एवढंच.

त्यानं हात काढला. बाहेर जाऊन गाडीत बसला, जोरात दार लावून.

मालकांनी पावती केली. मी सही केली, अक्षर वाकडं आलं. पावती माझ्या हातात देताना ते म्हणाले, "दसऱ्याच्या आधी कोणी घ्यायला आलं, अगदी तुम्ही जरी आलात, तरी काम झालेलं नसेल. समजलं?"

मी म्हणलं, समजलं.

धायरीत दारात गाडी लावल्यावर पोरगा आरशातनं माझ्याकडं बघून म्हणाला, "मुद्दाम केलंस तू."

"हो."

त्याच्या पुढं मोजणीपतूर माझ्याशी बोलला न्हाई. चहा दिला तर घ्यायचा, बघायचा न्हाई. मला रात्री झोप लागायची न्हाई. हत्यार गेलं म्हणजे डोक्यातलं गेलं असं थोडंच हाय? घरात कोयता हाय, गाडीत पाना हाय. मी कोयता धान्याच्या पिंपात खाली पुरला, वर गहू. पूजेचं पूजेला बघू म्हणलं.

मोजणीच्या दिवशी मोजणीवाले आले, तीन पायांचं यंत्र रवलं. दोन पोलीस. आमची माणसं हिकडं, त्यांची तिकडं. मी खुर्ची मागून घेतली आन् पट्टीच्या तोंडाशी बसले. पुतण्या आला, बरोबर मधी जाऊन उभा राहिला. पोरानं सांगितलं व्हतं तसाच.

दोघांत दहा पावलं बी नसतील. पुतण्यानं सुरू केलं. "काय रं? आज कंबर मोकळी दिसती. खेळणं कुठाय? आईनं काढून घेतलं का?"

तिकडची माणसं हसली. आन् मी बघितलं, माझ्या पोराचा उजवा हात शर्टाखाली गेला. कमरंशी. जिथं ते असायचं तिथं. हात तिथं काय तरी शोधत व्हता. बोटं मिटली, उघडली. तोंड पांढरं पडलं त्याचं. हातात काय न्हाई हे त्याला म्हाईत व्हतं, पर हाताला म्हाईत नव्हतं.

मी वरडले, पुतण्यावर. "ए! खेळणं माझ्या नावावर हाय. इचारायचं तर मला इचार. लहानपणी बी दुसऱ्याच्या खेळण्यावरनंच रडायचास."

तो एकदम माझ्याकडं बघायला लागला. "काकी, तुम्ही मधी पडू नका."

"मी पडले न्हाई, मी बसलीया."

तेवढ्यात माझ्या पोरानं खालचा दगड उचलून मारला. पुतण्याच्या कपाळाला लागला, रक्त आलं, तिकडची माणसं धावून आली, कुणाच्या हातात सळई व्हती. पोलिसांनी काठ्या घातल्या, दोघांना लांब नेलं. माझ्या पोराचा एक दात पडला. पुतण्याला टाके पडले. दोघं त्याच संध्याकाळी घरी आले, एक आमच्या घरी, एक त्याच्या घरी.

मोजणीत निम्म्याच्या वर पट्टी त्यांची निघाली. केस चालू हाय अजून.

घरी आल्यावर पोरगा ओट्यावर बसला. सुनेनं पाणी दिलं, त्याला पेला धरता येईना. तिनं पेला धरला, त्यानं तोंड लावलं. दाताच्या जागंनं रक्त पाण्यात उतरलं. मंग म्हणाला, "आई, हात कमरंला गेला व्हता गं माझा."

मी म्हणलं, "बघितलं मी."



दसऱ्यानंतर दुकानातनं फोन आला. मी आन् सून बसनं गेलो. काम झकास झालं व्हतं, राखाडी, गुळगुळीत, एक ठिपका न्हाई. आम्ही ते घेऊन सरळ चौकीत गेलो, कायमचं जमा करायला. तिथला साहेब पोरसवदा. उलटून पालटून बघत म्हणाला, "आजी, इतकं भारी काम करून आणलंत आणि जमा करताय?"

मी म्हणलं, "तुमच्याकडं गंजू नये म्हणून."

पोरगा आन् पुतण्या एकमेकांशी बोलत न्हाईत. कर्वेनगरला एका लग्नात समोरासमोर आले तर दोघांनी माना फिरवल्या. मला तेवढं चालतंय.

हे जो कुणी वाचील त्याला एक मागणं हाय. तुमच्या घरात असलं काय असंल आन् वाटणीची, मोजणीची, कोर्टाची तारीख लागली असंल, तर त्याच्या आधी ते दुकानात न्हाईतर चौकीत जमा करा. पावती घ्या. घरच्या बाईला सांगा की जमा केलंय.