शांत मार्गावरचा इडलीवाला

पाटणकर काकांनी मोबाइल माझ्या कानाला लावला. "ऐका."

रेकॉर्डिंगमध्ये पों पों वाजत होतं. मग कुठल्यातरी कुकरची शिट्टी. मग परत पों पों.

"याला तुम्ही शांत मार्ग म्हणताय?" काकांनी विचारलं.

काका पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागच्या एका गल्लीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी. आपण दादर सोडून मीरा रोडला आलो ते फक्त शांततेसाठी, हे ते प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचे. मी ट्रॅफिक प्लॅनर. शहरातल्या सायकल मार्गांचं काम आमच्या कन्सल्टन्सीकडे आलं होतं आणि ही गल्ली माझ्या वाट्याला आली होती.

शांत मार्ग म्हणजे काय ते सांगते. मोठ्या रस्त्यावर सायकलसाठी पट्टा आखला की त्यावर रिक्षा उभ्या राहतात. म्हणून सायकली आतल्या गल्ल्यांमधून न्यायच्या. गल्लीच्या मध्यावर बोलार्ड, म्हणजे लोखंडी खांब रोवायचे. गाडीला आरपार जाता येत नाही, त्यामुळे शॉर्टकट मारणारे आपोआप बंद होतात. राहणारे आपापल्या बाजूने आत येतात, त्याच बाजूने बाहेर जातात. सायकल मात्र खांबांमधून सरळ निघून जाते. आधी ट्रायल घेतात. जमलं तर खांब कायमचे.

आमच्या ड्रॉइंगमध्ये हेल्मेट घातलेली एक बाई सायकलवर हसत चालली होती. मागे झाडं होती. गल्लीत झाडं नाहीत, पण ड्रॉइंगला लागतात.

खांब लागले आणि गाड्या खरंच थांबल्या. सायकलीही आल्या. पाववाला, चहावाला, अंडीवाला आणि सगळ्यांच्या पुढे इडलीवाला मुरुगन. मोठ्या रस्त्यावर जीव मुठीत धरून सायकल मारणाऱ्यांना मोकळी गल्ली मिळाली, ते ती कशाला सोडतील? प्रत्येकाच्या हँडलला रबरी भोंपू होता. ड्रॉइंगमध्ये तो नव्हता.

मागच्या वर्षी एका कारने मुरुगनला मेन रोडवर उडवलं होतं. डावा हात मोडला तो नीट जुळलाच नाही. ब्रेक तो अजून एकाच हाताने दाबतो. गल्ली सुरू झाल्यापासून बायको सकाळी फोन करून 'पोचलात का' विचारत नाही, असं त्याने मला सांगितलं होतं. ट्रायलबद्दल मला मिळालेली चांगली प्रतिक्रिया ती एवढीच.

"फेरीवाल्यांच्या सायकलींना बंदीचा बोर्ड लावा," काका म्हणाले, "नाहीतर खांब काढा."

ऑफिसात मी बॉसना, शिंदे सरांना, हे सांगितलं.

"लावून टाक बोर्ड."

"सर, ते गेले तर सायकली उरतात दोन. एक रिटायर्ड कुलकर्णी आणि एक त्यांचे मित्र. मित्र फक्त रविवारी येतात."

"मग रिपोर्टमध्ये 'सुधारणेस वाव' लिही."

मला राग आला. सायकलींसाठी रस्ता करायचा आणि त्यावरून सायकलवाल्यांनाच हाकलायचं. बरीच घासाघीस केल्यावर काका एवढ्यावर आले, की ट्रायल संपेपर्यंत भोंपू बंद. वाजला तर बोर्ड.

मुरुगनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, भोंपू नहीं बजाएगा तो ऊपर मालूम कैसे पड़ेगा?"

"कुछ दिन देखो ना."

त्याने फडक्याने भोंपू बांधून टाकला. बाकीच्यांनीही बांधले.

या गल्लीत इडली घ्यायला कोणी खाली उतरत नाही. भोंपू वाजला की खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली येते, पैसे घेऊन. वर जाते ती इडली घेऊन. हे मला माहीत होतं, पण ट्रॅफिकचा भाग म्हणून मी त्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या सकाळी काकांचा थँक यूचा मेसेज आला, फुलांसकट. दुसऱ्या दिवसापासून उजाडल्या उजाडल्या पिशव्या लटकायला लागल्या, कारण मुरुगन कधी येऊन जाईल याचा नेम नव्हता. कुलकर्णींच्या डोक्यावर त्यातली एक आदळली. हेल्मेटचा या मार्गावरचा तो पहिला उपयोग. मग घरोघरी एकेक माणूस बाल्कनीत पहाऱ्यावर बसला. मुरुगन दिसला की "ए इडलीवाला, रुको!" आणि तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर, "भाभी, आ गया!" त्यापेक्षा भोंपू बरा होता.

तरीही बरेच जण चुकायचेच. मुरुगनच्या सायकलमागचा इडलीचा डबा अर्धा भरलेला तसाच परत जायला लागला.

"मॅडम, सोमवार से मेन रोड," तो म्हणाला. "उधर भोंपू चलता है।"

मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी साइट व्हिजिट होती. शिंदे सर, काका आणि मी खांबांजवळ उभे होतो. मुरुगन सायकल धरून बाजूला थांबला होता. इतक्यात दुसऱ्या मजल्यावरून एक पिशवी खाली आली आणि काकांच्या खांद्याला लागून थांबली. वर पाटणकर काकू होत्या.

"अहो, तो समोर उभाय आणि तुम्ही गप्पा काय मारताय? रोज बाल्कनीत बसवतेय तुम्हाला, पण पेपरातून मान वर निघेल तर ना. त्याला सांगा, वाजव म्हणावं."

काकांनी पिशवीकडे पाहिलं, मग सरांकडे. "तशी... एकदा वाजवायला हरकत नाही."

"एकदा म्हणजे?" सरांनी विचारलं.

"प्रत्येक बिल्डिंगसमोर एकदा."

"दोनदा," वरून आवाज आला. "मी आंघोळीला गेलेली असले तर?"

बोर्ड लागला. 'शांत सायकल मार्ग. प्रत्येक बिल्डिंगसमोर भोंपू दोनदाच वाजवावा.'

"हे कुठल्या गाइडलाइनमध्ये आहे?" सरांनी मला विचारलं.

"सुधारणेस वाव होता, सर."

खांब कायमचे झाले. पुढे एका सकाळी काकांचा फोन आला. "ऐका," म्हणाले आणि फोन बाहेर धरला. मी कान लावला.

"काका, काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच सांगतोय. अजून आला नाही तो. मेन रोडने तर नाही ना गेला? बघा जरा."

मी मुरुगनचा नंबर शोधायला लागले, तेवढ्यात फोनमधून लांबून आवाज आला. पों पों.

"आला," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तेव्हापासून मी ड्रॉइंगमध्ये सायकलच्या मागे आधी डबा काढते. हेल्मेट नंतर, जागा उरली तर.