मोबाइलवरचं गाऱ्हाणं

शेजारी कुणी नारळ फोडला की त्या पाण्याच्या वासानं मला आमच्या दिंडोशीच्या खोलीतली ती सकाळ आठवते. लेकीचे दिवस भरले होते, आणि गावच्या देवापुढे तिच्या सुखरूप सुटकेचं गाऱ्हाणं घातल्याशिवाय बायकोच्या जिवाला चैन नव्हतं. पण तिच्या गुडघ्यांमुळे गावी जाणं जमेना. मग तिनंच पुतण्याला फोनवर ठणकावलं, "देवळात मोबाइल उभो कर, मी हयसून हात जोडतंय." मी म्हटलं, "देव काय व्हिडिओत येतो?" "तुमी गप रवा," म्हणाली. फोन तिनं पाटावर ठेवला, फूल वाहिलं, अगरबत्ती लावली, नारळ फोडला. तिकडे मानकरी गाऱ्हाणं घालायला लागला, आणि लेकीचं नाव यायच्या आतच चित्र अडकलं. मानकरी तोंड वासून तसाच. मला हसू आलं, पण तिचे डोळे भरले. गाऱ्हाणं अर्धवट कसं सोडायचं? आमच्यात बायकांनी ते कधी घातलं नव्हतं, तरी तिनं डोळे मिटून खणखणीत आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, माज्या चेडवाक सुखरूप मोकळा कर रे म्हाराजा!" तेवढ्यात फोनातून देवळातल्या सगळ्यांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" चित्र आमचंच अडकलेलं, तिकडे सगळं ऐकू जात होतं. ती लाजली आणि पदरात तोंड लपवून लहान पोरीसारखी हसत सुटली. नात झाली, सगळं सुखरूप. आता बायको नाही. लेक म्हणते, "बाबा, नवीन फोन घ्या ना." मी म्हणतो, "गप गं. ह्यातनं अख्ख्या गावानं तुझ्या आईचं ऐकलंय."