मालतीबाईंचा शेवटचा चोर

मालतीबाई गेल्या हे सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण त्यांचं दार मीच उघडलं. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या बाहेर फुटपाथवर माझं चाव्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक स्टूल, चार कानशी आणि एक पाटी. त्या बुधवारी सकाळी बाईंच्या सोसायटीचा वॉचमन पळत आला. "चला लवकर, सात नंबरच्या आजी दार उघडत नाहीयेत." मी हत्यारं घेऊन गेलो, तर जिन्यात सगळा मजला जमलेला. ते कुलूप मीच बसवलं होतं. बसवताना छाती काढून सांगितलं होतं, बाई, हे पुण्यात कोणाच्या बापाला उघडणार नाही. तेच मी दीड मिनिटात उघडलं आणि वर मागं वळून लोकांना म्हणलं, "बघा, याला म्हणतात हात!" मग दार ढकललं... बाई खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या. चष्मा नाकावर, हात मांडीवर, लाल पेन्सिल खाली पडलेली. असल्या वेळी शहाणा माणूस काहीतरी शहाणपणाचं बोलतो. मी म्हणलं, "बाई, दार उघडलं बरं का."

याला आता दोन महिने झाले. मला लिहिता येत नाही, वाचताही येत नाही. मी बोलतोय आणि माझी मुलगी सुनंदा लिहून घेतेय. माझ्या 'हाय'चं ती परस्पर 'आहे' करतेय, तेवढं चालवून घ्या. वाचता येत नाही, हे आत्ता मी कसं एका दमात बोलून गेलो. बाईंसमोर एवढ्या वर्षांत ते तोंडातनं निघालं नाही. सगळा घोटाळा त्यातनंच झाला.

बाई शाळेत शिकवायच्या. रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, ह्या चोऱ्या करायला लागल्या. म्हणजे कागदावर. छोटी, स्वस्तातली पुस्तकं, लायब्ररीत भाड्यानं फिरायची. त्यात चोर पकडणारे दोघं म्हातारे. नाना एका कानानं बहिरे, यमूताईंचे दोन्ही गुडघे गेलेले. दोघांची वयं मिळून दीडशे. पाठलाग करायचे तर मधे दोनदा बाकावर बसायचे, एकदा चहा घ्यायचे, आणि तरी चोर सापडायचा, कारण चोर त्यांच्याहून गाढव. पहिल्या पुस्तकातला तो चोर म्हणजे चिमण्या, पुढं सुधारून त्या दोघांचाच कुलूपवाला झालेला. आणि चिमण्या म्हणजे मी.

झालं असं, की बाई एक दिवस माझ्या पेटीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "अहो, कपाट न फोडता उघडायचं असेल तर काय करावं लागतं?"

"बाई, चौकी समोरच आहे, जरा हळू बोला."

हसल्या. त्यांना गोष्टीसाठी पाहिजे होतं. सगळं विचारून झाल्यावर जाता जाता म्हणाल्या, "आणि तुमची पाटी उलटी लागली आहे."

माझी काय तंतरली! दुसरीतनं शाळा सोडलेला माणूस मी, पेंटरनं पाटी दिली तशी लटकवली. पण तोंड गप बसेल तर शपथ. म्हणलं, "मुद्दामच लावलीय. उलटी पाटी बघून माणूस थांबतो. तुम्ही नाही का थांबलात?"

बाईंनी चष्म्याच्या वरनं बघितलं. "हुशार आहात." दुसऱ्या दिवशी येताना लाल पेन्सिल घेऊन आल्या, पाटी सरळ करायला लावली आणि एका कोपऱ्यात फुली मारली. "ही फुली कायम वर ठेवा, बबनराव. बरकत येईल." मला वाटलं, मास्तरीणबाईंचा आशीर्वाद आहे. फुलीला रोज हात लावून पाया पडायचो.

मग ठरूनच गेलं. दर गुरुवारी एक ते चार, सगळी पेठ झोपलेली असताना, मी बाईंच्या घरी. त्या नवीन प्रकरण मोठ्यानं वाचायच्या, मी ऐकायचो. मी जिथं हसलो तिथं लाल पेन्सिलीची खूण. मी जांभई दिली की ते पान फाडायच्या. एकदा एकांच्या कपाटाचं कुलूप आतनं तपासताना मी आतच अडकलो, आणि चावी माझ्याच खिशात. ते पुढच्या पुस्तकात आलं. माझी एकेक फजिती छापून यायची आणि मी लोकांना अभिमानानं सांगायचो, हा गाढव मी आहे.

एक नियम मात्र बाईंचा पक्का. शेवटचं प्रकरण वाचून दाखवायचं नाही. पुस्तक छापून आलं की हातात द्यायच्या. "चोर कोण ते तुमचं तुम्ही वाचा आणि मला सांगा." मी पुस्तक सायकलला लावून आमच्या मांजरी गावाला घरी न्यायचो. सुनंदा तेव्हा चौथीत, ती वाचून दाखवायची. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत, "तो दूधवाला! मला आधीच वास आला होता." एकदा सुनंदा मामाकडं गेलेली. म्हणलं, ठोकून देऊ. "वाचलं बाई. चोर तो डॉक्टर."

"डॉक्टर तर दुसऱ्याच पानावर वारला, बबनराव."

"म्हणूनच कोणाला संशय आला नाही!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला वाटलं, सुटलो.

पुढं घरोघरी केबल आली. लायब्रऱ्या एकेक करत बंद झाल्या. बुधवार पेठेतला बाईंचा प्रकाशक, त्याच्या दुकानात आता कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळतात. बाईंचा मुलगा अभिजित कॉम्प्युटर शिकला आणि अमेरिकेला गेला. आमच्या मांजरीत उसाच्या जागी बिल्डिंगी आल्या, त्यांच्या दाराला नंबर दाबून उघडायची कुलपं. बाई म्हणाल्या, "बबनराव, आपण दोघंही एकदमच निरुपयोगी झालो." पण लिहायचं थांबलं नाही. छापणारा कोणी नाही, वाचणारा कोणी नाही, ऐकणारा मी एक.

शेवटच्या पुस्तकात चोरी यमूताईंच्याच घरी झाली. कुलूप तुटलेलं नाही, आणि दुसरी चावी फक्त चिमण्याकडं. नाना त्याच्याशी बोलेनात. यमूताई नुसत्या बघतात... मी बारा प्रकरणं ऐकली आणि एकदाही हसलो नाही. बाईंनी एकदाही खूण केली नाही. शेवटी न राहवून विचारलं, "बाई, चिमण्यानं नाही ना केली?"

"ते शेवटच्या प्रकरणात आहे. लिहून झालंय. आता छापणार कोण? पुढच्या गुरुवारी कागदच देते तुम्हाला." मग थांबून म्हणाल्या, "या वेळी सुनंदाला द्यायचं नाही. स्वतः वाचायचं. किती दिवस लागले तरी चालतील, मी आहे."

मी खिसे चाचपले. "हल्ली माझा चष्मा जरा..."

"चष्म्याचं मी काही बोललेच नाही."

मी हसून वेळ मारून नेली. तो गुरुवार यायच्या आदल्या दिवशी मी ते दार उघडलं.

अभिजितदादा चार दिवसांची रजा काढून आला. बिल्डिंग पाडायला जाणार होती, घर लगेच रिकामं करायचं. कागदांचा हा ढीग. म्हणाला, "बबनकाका, आईचं लिखाण तुम्हालाच माहीत आहे. ते तुम्ही बाजूला काढा, बाकी रद्दीवाला नेईल." दोन जाड गठ्ठे राहिले होते, दोन्ही निळ्या नाडीनं बांधलेले. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, दादा, मला वाचता येत नाही, तू बघ. चार शब्द! पण म्हटलं, बाईंच्या मुलासमोर बाईंच्या माणसाची लाज जायला नको. चेहरा गंभीर केला, गठ्ठे सोडले, पानं चाळली, मान हलवली. एकात जागोजाग लाल खुणा. दुसऱ्यात नुसती शाई, लाल रेघ म्हणून नाही. मी म्हणलं, लाल पेन्सिल म्हणजे गोष्ट. लाल गठ्ठा छातीशी धरला आणि बिनखुणेचा माझ्या हातानं रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला.

घरी आल्यावर सुनंदाला म्हणलं, वाच. तिनं पहिलं पान उघडलं. "विषय, जिन्यात वाळत घातलेल्या पापडांबाबत."

"सुरुवात असेल. बाईंच्या चोऱ्या अशाच साध्या सुरू होतात. पुढं?"

"विषय, वरच्या मजल्यावरून पडणाऱ्या पाण्याबाबत... अण्णा, हे सोसायटीचे तक्रार अर्ज आहेत." बाई सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. लोकांच्या अर्जांतल्या चुका लाल पेन्सिलीनं काढायच्या. आणि गोष्टीत लाल खूण नव्हती, कारण त्या गोष्टीला मी हसलोच नव्हतो. हे जगात फक्त दोघांना माहीत होतं. त्यातली एक गेली, आणि दुसरा काट्यापाशी उभा राहून मान हलवत होता.

सकाळी रद्दीवाल्याकडं धावलो. तो म्हणाला, "माल कालच ट्रकमधनं गेला, काका. त्याचा आता लगदा." तरी त्याच्याकडची पोती उपसत बसलो. वाचता येत नसताना! प्रत्येक कागद उलटसुलट करून बघायचो, जणू अक्षर मला हाक मारणार आहे. अभिजितदादाला फोनवर सगळं खरं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जाऊ दे काका. तसंही कोण वाचणार होतं..." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गेल्या आठवड्यात वाऱ्यानं माझी पाटी पडली. उचलली, पुसली, लावायला गेलो आणि वरची बाजू कुठली ते कळेना. सवयीनं बोटानं लाल फुली शोधायला लागलो... आणि हात तिथंच थांबला. बरकतीची फुली कसली? वाचता येणाऱ्याला पाटीवर फुली कशाला लागते? बाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. डॉक्टरच्या वेळी कळलं होतं. दर गुरुवारी माहीत होतं. ज्या बाईंपुढं राखलेली लाज सांभाळायला मी त्यांचंच पुस्तक घालवलं, त्या बाईंपुढं माझी लाज कधी उरलीच नव्हती.

सुनंदा म्हणते, अण्णा, आता तरी शिका, मी शिकवते, वर्षभरात येईल. येईल की. पण शिकून वाचू काय?

गुरुवारी एक वाजला की मी अजूनही पेटी बंद करतो. जायला घर नाही, तिथं आता पत्रे ठोकलेत. मग स्टुलावरच बसतो आणि पापडांचा गठ्ठा सोडतो. एकेक पान उलटतो. पानोपानी लाल खुणा आहेत, आणि त्यातल्या एकाही जागी मी हसलेलो नाही.