नियमबाईंची अकरा मुलं

तबस्सुम उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ही गंगा नाही."

मुलं मोजायला आलेला अधिकारी हजेरीपट घेऊन टेबलाशी उभा होता. त्याने गंगाचं नाव पुकारलं होतं आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हजर म्हटलं होतं. ती मुलगी आमच्याच शाळेच्या, शेजारच्या इमारतीतल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गातली होती. अर्ध्या तासापूर्वी मीच तिला हाताला धरून इथे आणून बसवलं होतं. तिच्यासारखी आणखी एकोणीस. गंगा म्हणून हाक आली की हजर म्हणायचं, एवढं तिला मीच पढवलं होतं. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, खिडकीपाशी मान पुसत होते. मी दारात होते. मी तबस्सुमकडे डोळे वटारून पाहिलं. तिचं लक्षच नव्हतं. ती बाईंकडे बघत होती.

या बाई म्हणजे नियमबाई. त्यांना आडनाव होतं, पण ते कुणी घेत नसे. मुलं, पालक, मी, सगळे मागून नियमबाईच म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. "चला, निदान खरं नाव ठेवलंत," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

पनवेलच्या त्या शाळेत मी मावशी होते. घंटा देणं, झाडणं, पाणी भरणं हे माझं काम. माझी शाळा विचुंब्यात चौथीपर्यंत झाली. सातवीच्या वर्गाबाहेर माझं स्टूल असायचं, त्यामुळे बाईंचा मराठीचा तास मी वर्षानुवर्षं ऐकला. मला त्यांनी काही शिकवलं असं कुणी समजू नये. घंटा दोन मिनिटं उशिरा झाली तर मला चार शब्द ऐकवायच्या. डबा एकट्या खायच्या. मला त्या फारशा आवडत नसत, हे आधीच सांगून ठेवते.

पाचवी ते सातवीला त्या मराठी शिकवत. जूनच्या पहिल्या तासाला पुस्तक उघडत नसत. स्वतःच्या अक्षरात लिहून झेरॉक्स काढलेला एक कागद प्रत्येकाला देत. त्यावर चौदा नियम. वर्गात कसं बोलायचं, वही कशी ठेवायची, गृहपाठ कधी द्यायचा, गुण कशाला मिळतील आणि कशाला नाही. खाली पालकांची सही हवी. नुसती सही चालत नसे. मुलाने घरी सगळे नियम मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच पालकांनी सही करायची, नाहीतर अंगठा द्यायचा. शाळा सुटताना बाई फाटकात उभ्या राहून आयाबापांची परीक्षा घेत.

कोन गावाहून नातवाला न्यायला येणारी एक म्हातारी होती. बाईंनी तिला सहावा नियम विचारला. म्हातारी म्हणाली, "नखा कापाची." बाई म्हणाल्या, नखांचा नियमच नाही, आजी, तुम्ही ऐकलेलं दिसत नाही. म्हातारी भडकली. "मी काय शालेत हाय का? नातवाला इचार ना." बाईंनी कागद परत दिला. दुसऱ्या दिवशी म्हातारीने फाटकात उभं राहून चौदाच्या चौदा नियम म्हणून दाखवले, आणि त्यानंतर वर्षभर इतर बायांना तीच विचारत सुटली.

एका नियमाचं मला नवल वाटायचं. सहामाहीत तीन वेळा मुलाने गृहपाठाऐवजी "आज झालं नाही" एवढी चिठ्ठी टेबलावर ठेवली तरी चालायचं. कारण सांगायचं नाही आणि बाईंनी विचारायचं नाही. चौथ्या वेळेला मात्र शून्य, आणि ते शून्य पुसलं जात नसे. कारण का विचारत नाही, असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "कारण विचारलं की पोरं आजीला मारतात. एकाची आजी माझ्याकडे चारदा वारली आहे."

गाईडमधून उतरवलेलं त्या वाचतच नसत. एका मुलीने आईवर निबंध लिहिला. आई पहाटे उठते, अंगणात सडा घालते, गोड आवाजात ओव्या म्हणते. बाईंनी वही तिच्यापुढे धरली. "ही बाई कोण? तुझ्या आईला मी ओळखते. काल बाजारात तिने मला बोंबील दिले आणि मी भाव केला म्हणून शिव्या दिल्या." वर्ग हसला. मुलीने पुन्हा लिहिलं, पाचच ओळी. आईच्या बोटांना बर्फाने भेगा पडतात आणि ती रात्री त्यांत तेल भरते. पाच ओळींना बाईंनी पैकीच्या पैकी दिले. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने काढल्या, पण गुण कापले नाहीत. तोही एक नियम होता. पहिल्या खेपेला चुका दाखवायच्या, दुसऱ्या खेपेला गुण कापायचे.

घरच्या बोलीत बोलायला त्यांच्या वर्गात मुभा होती. लिहिताना पुस्तकातली भाषा, तोंडी उत्तर मात्र घरचं चालेल. दुसऱ्याच्या बोलीला हसलं तर हसणाऱ्याने त्याच्याकडून त्या बोलीतली पाच वाक्यं शिकून वर्गात म्हणायची. गंगा वीटभट्टीवरून यायची. तिचं बोलणं ऐकून तबस्सुम खुदकन हसली. तबस्सुमचा बाप कुवेतला, घरात फ्रीज, टीव्ही, सगळं. तिला बाईंनी गंगाच्या बाकावर बसवलं. पाच वाक्यं शिकायला बसली ती तिथून उठलीच नाही. पुढे दोघींचा डबा एक, पेन्सिल एक. गंगाला ईदेच्या शेवया माहीत झाल्या आणि तबस्सुमला भट्टीवरच्या शिव्या.

आता बारावा नियम. दुसऱ्याची हजेरी बोलायची नाही. विचुंब्याची पोरं चालत येत, त्यांना उशीर होई, आणि मित्र आवाज बदलून त्यांच्या नावाने हजर म्हणत. बाईंनी ते बंद केलं. "जो नाही त्याला नाही म्हणा. नाही म्हटलंत तर कुणीतरी शोधायला जाईल." आणि खरंच जात. तीन दिवस मूल आलं नाही की मला त्याच्या घरी पिटाळायच्या, नाहीतर स्वतः जायच्या. दिवाळीनंतर गंगा आली नाही तेव्हा त्या तबस्सुमला घेऊन भट्टीवर गेल्या. झोपडी रिकामी होती. मुकादम म्हणाला, माणसं दुसरीकडे गेली, कुठे ते ठाऊक नाही. दोघी तशाच परत आल्या.

शेवटचा नियम असा होता की हे सगळे नियम बाईंनाही लागू. वर्षातून एकदोनदा त्या स्वतःच "आज वह्या तपासून झाल्या नाहीत" अशी चिठ्ठी लिहून पहिल्या बाकावर ठेवत. मुलांना त्याचा फार आनंद व्हायचा.

तोवर नवीन पनवेलचे सेक्टर भरत आले होते. जो तो मूल इंग्रजीत घालायला लागला. माझ्या मुलानेही माझा नातू इंग्रजीत घातला. बाईंच्या वर्गात चाळीस होती ती पंचवीस झाली, मग अकरा राहिली. पटावर मात्र एकतीस नावं होती. गेलेल्या मुलांची नावं काढायची नाहीत, असं मोठ्या सरांनी सांगितलं होतं. वर्ग टिकला तर सगळेच टिकणार होतो.

मग कळलं की उद्या मुलं मोजायला माणूस येतोय. मोठ्या सरांनी बाईंना आणि मला ऑफिसात बोलावलं. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, वर्ग गेला तर तुम्ही अतिरिक्त ठरणार. कुठे टाकतील सांगता येत नाही. घरी आई अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षं तर राहिलीत तुमची."

बाईंनी टेबलावरचा हजेरीपट मिटला. मग म्हणाल्या, "तुम्ही आणा मुलं. मी काही बोलणार नाही."

इंग्रजीतल्या वीस मुलांना आम्ही नावं दिली. कोण कुठे बसेल ते ठरवलं. पण त्या अकरांना काय सांगायचं, हे कुणालाच सुचलं नाही. बाईंना सांगायची लाज वाटली असेल. मला वाटलं, पोरंच ती, गप्प बसतील.

तर तबस्सुम उभी होती. अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, काय म्हणतेय ही?" त्यालाही बखेडा नको होता. जेवायची वेळ झाली होती, पेन उघडं होतं. गप्प बस, खाली बस, एवढं बाईंनी म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मनात तेच म्हणत होते.

बाई खुर्चीचा हात धरून उठल्या. "ती खरं सांगतेय. गंगा दिवाळीपासून नाही. माझी मुलं अकरा आहेत." मग त्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बाळ, तुझं नाव काय?" ती पोर रडायलाच लागली. मोठे सर बाहेर निघून गेले. वीस मुलांची रांग करून मी त्यांना परत सोडून आले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

चार दिवसांनी तबस्सुमची आई तिला घेऊन शाळेत आली. आता वर्ग बंद होणार हे शाळेत सगळ्यांना कळलं होतं. पोरं तिला वर्गबुडवी म्हणत होती आणि ती जेवत नव्हती. आई म्हणाली, "बाई, पोरीने तुमचं वाटोळं केलं. माफ करा हिला, नादान आहे."

बाई म्हणाल्या, "नियम मी केला होता, हिने पाळला. मी मोडायला निघाले होते आणि हिला सांगितलं नव्हतं." मग तबस्सुमकडे बघून म्हणाल्या, "तुझं चुकलं नाही. पण यातून काही बरं होईल, असं मी तुला सांगणार नाही. मला ते माहीत नाही."

पोर रडायची थांबली नाही. बाईंनी तिला थोपटलं वगैरे नाही. त्यांना ते येत नसे. पाण्याचा पेला पुढे सरकवला.

बरं काही झालं नाहीच. वर्ष संपलं आणि मराठी वर्ग बंद झाला. अकरातली काही मुलं इंग्रजीत गेली आणि मागच्या बाकावर मुकी बसून राहिली, काही दुसऱ्या शाळेत गेली, दोन मुली घरीच बसल्या. बाईंना पालीच्या पुढे डोंगराकडच्या शाळेत टाकलं. दोन एसट्या बदलून जायच्या, दिवेलागणीला परत. आईकडे शेजारीण बघायची. एका दुपारी आई गेली. शेजारणीने त्या शाळेत निरोप पाठवला, पण बाई पोचेपर्यंत सहा वाजले होते. मी माझ्या जागीच राहिले. इंग्रजी वर्गांनाही घंटा लागते.

बाई मला कधी काही बोलल्या नाहीत. ती वीस मुलं मी आणली, गंगाचं नाव त्या पोरीला मी पढवलं, हे त्यांना माहीत होतं. घंटेच्या दोन मिनिटांवरून बोलणारी बाई यावर बोलली नाही. एकदा बसस्टॉपवर भेटल्या तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, बाई, त्या दिवशी मी चुकले. त्या म्हणाल्या, "आपण तिघंही चुकलो. गाडी आली बघा." आणि चढून गेल्या.

निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी त्या वारल्या. मोठे सर त्याच्या आधीच गेले होते. अधिकाऱ्याचं नाव मला कधी कळलं नाही. गंगाचाही पत्ता लागला नाही. तबस्सुम उरणला सासरी असते, तिला एक मुलगी आहे. मी विचुंब्यात आहे.