कपाचा कान

व्हर्नेल ब्राउनली बोलायला लागली की गाडीतल्या पाहुण्यांना उन्हाचीही शुद्ध राहत नाही. चार्ल्सटनमध्ये खेचरांच्या गाड्या हाकणारे पुष्कळ आहेत, पण तबेल्यात येऊन लोक विचारतात ते तिलाच. मी त्याच तबेल्यात खेचरं धुण्यात आणि जुंपण्यात उभा जन्म घालवला, तेव्हा गाडीवाल्यांची थोरवी मला कुणी सांगू नये. निम्मे जण तोंडाला येईल ते ठोकून देतात. व्हर्नेल मात्र कुठल्या चर्चच्या विटा कुणाच्या पोरांनी थापल्या इथपासून खरं तेच सांगायची. एक थाप सोडून.

लॅटिमरांच्या जुन्या घरामागे स्वयंपाकघराची वेगळी इमारत आहे. बायना नावाची गुलाम पोरगी अजून तिथे दिवेलागणीला खिडकीत बसून वाटाणे सोलते, गुणगुणते, आणि तिच्या डाव्या हाताला करंगळी नाही, असं व्हर्नेलनं एका मंदीच्या उन्हाळ्यात रचलं. लोकांना भूत हवंच असतं. बघता बघता दुसरे गाडीवालेही तेच सांगायला लागले, आणि दुकानात बायनाचं चित्र असलेले रुमाल आले.

त्यात भूत तेवढं खोटं होतं. बायना खरी होती. व्हर्नेलच्या आईची, म्हणजे माझ्या मैत्रिणीची, रुथीनाची, ती पणजी.

रुथीना पलीकडे जॉन्स बेटावर राहायची. मी आणि ती एकाच चर्चच्या, लहानपणापासून एका बाकावर बसणाऱ्या. तिच्या ओसरीचं छत निळं होतं. भटकणारी भुतं निळ्याखाली येत नाहीत, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मेलेलं माणूस नीट निजावं म्हणून तिची धडपड चालायची. कुणी गेलं की त्यानं शेवटचा वापरलेला कप किंवा वाडगा थडग्यावर ठेवून फोडायचा, म्हणजे मेलेल्याचा घराशी धागा तुटतो आणि ते मागे फिरत नाही. तिथलं काही उचलून आणायचं नाही, कपचीसुद्धा नाही. उचललं तर मेलेलं माणूस त्याच्यामागे येतं.

अशा बाईची लेक आईच्याच पणजीचं भूत विकत होती. मला ठाऊक होतं. व्हर्नेल म्हणायची, "ओडेसा मावशी, आई कधी शहरात येते? तिला कोण सांगणार?" आणि मीही गप्प बसले, कारण तिची गोष्ट मलाही आवडायची.

मग रुथीनानं वाढदिवसाला हट्ट धरला. लेकीच्या गाडीत बसायचंय. व्हर्नेलनं आधी खूप टाळलं; ऊन आहे, खेचर आजारी आहे, गर्दी आहे. शेवटी रुथीना म्हणाली, "मी मेल्यावर बसवणार आहेस का? त्या गाडीला माणूस आडवं लागतं."

आमच्याकडे गाडी कुठल्या भागात न्यायची ते गाडीवाला ठरवत नाही. बाजाराजवळच्या चौकीवर यंत्रातून एक चेंडू पडतो, आणि त्याच्या रंगावरून रस्ता मिळतो. लॅटिमरांचं घर एकाच रंगाला येतं, लाल. त्या दिवशी मी रुथीनाशेजारी बसले होते, पुढे ओहायोहून आलेलं एक जोडपं होतं. व्हर्नेल चौकीकडे बघायचं टाळत होती. चौकीवरच्या माणसानं लाल चेंडू दाखवला आणि तिची मान ताठ झाली.

तरी तिनं छान सांगितलं. रुथीना शाळेच्या कार्यक्रमाला आल्यासारखी खूश होती, मला कोपरानं ढोसत होती. "बघ, माझ्यासारखं बोलते की नाही?" व्हर्नेलचा बेत साधा होता: लॅटिमरांच्या घरापाशी तोंड न उघडता पुढे जायचं.

पण डीकननं घात केला. डीकन म्हणजे तिचं खेचर. वर्षानुवर्षं त्या फाटकापाशी थांबून त्याला सवय लागलेली; तो आपणहून थांबला. तिनं जीभ वाजवली, लगाम झटकला. तो शेपूट हलवत उभा. गोष्ट संपल्याशिवाय इथून हलायचं नसतं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

पुढची बाई वळून म्हणाली, "हेच ना ते बायनाचं घर? माझ्या नणंदेनं आवर्जून सांगितलंय. बोट नाही ना तिला?"

रुथीनाचं मला ढोसणारं कोपर थांबलं.

"कोण बायना?" तिनं विचारलं.

व्हर्नेल मागे न बघता म्हणाली, "आई, घरी गेल्यावर बोलू."

"पाहुण्यांनी पैसे भरलेत. सांग."

व्हर्नेलनं सांगितलं. खिडकी, वाटाणे, करंगळी. एवढा पडलेला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. संपलं तशी डीकननं पावलं उचलली. ओहायोच्या बाईनं टाळ्या वाजवल्या, आणि मला तिच्या डोक्यावरची टोपी ओढून रस्त्यात फेकावीशी वाटली.

रुथीना बोलली ती तबेल्यात परतल्यावर, पाहुणे गेल्यावर.

"सुटका झाली त्या दिवशी ती त्या स्वयंपाकघरातून निघाली, आणि पुन्हा त्या रस्त्यानंसुद्धा गेली नाही. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खाटेवर मेली. तिनं मागे लागू नये म्हणून मला तान्ही असताना तिच्या शवपेटीवरून पलीकडे दिलं होतं. आणि तू तिला परत तिथेच कामाला बसवलंस."

"आई, नुसती गोष्ट होती."

"उद्या माझीही होईल." मग ती माझ्याकडे वळली. "ओडेसा, मी गेले की माझा कप तू फोडायचा. हिच्या हाती द्यायचा नाही. शब्द दे."

मी दिला. व्हर्नेल तिथेच उभी होती, डीकनचा पट्टा हातात धरून.

त्यानंतर व्हर्नेलनं ती गोष्ट सोडली. दुसऱ्या गाडीवाल्यांकडे जाऊन हात जोडले. कर्टिस नावाचा एक तर हसून म्हणाला, "तू जन्माला घातलीस, आता ती आमचीही झाली." बेटावर ती दर रविवारी जायची. रुथीना तिला जेवू घालायची, तब्येत विचारायची, आणि त्या विषयावर एक अक्षर बोलायची नाही. मी दोघींसाठी तोंड घातलं तर म्हणायची, "मी रागावलेली नाही. मला भीती वाटते."

पुढच्या हिवाळ्यात रुथीना गेली. तिचा पांढरा कप उशाशी होता, तळाला कॉफी वाळलेली. थडग्यापाशी व्हर्नेलनं हात पुढे केले. दोन्ही हात, ओंजळीसारखे. मला आजही ते हात दिसतात. पण शब्द तो शब्द. मी कप दगडावर ठेवला आणि मीच फोडला.

दुसऱ्या दिवशी फुलं सारखी करायला गेले, तर कपाचे सगळे तुकडे होते, कान तेवढा नव्हता.

मी तडक व्हर्नेलच्या घरी गेले. ओसरीवर शिडी लावून ती छताच्या निळ्यावर पांढरा रंग फिरवत होती. कपाचा कान कठड्यावर ठेवलेला होता, लपवलाही नव्हता.

"अगं, हे काय केलंस? ती मागे येईल तुझ्या."

"येऊ दे," ती म्हणाली. "शिव्या द्यायला का होईना."

आता मी तिच्याकडे अधूनमधून जेवायला जाते. ओसरीवर तीन खुर्च्या असतात, आणि तिसऱ्या रिकाम्या खुर्चीवर ती मला बसू देत नाही. मी निघताना दर वेळी विचारते, "आली का गं?"

"अजून नाही," ती म्हणते, आणि ओसरीवरचा दिवा चालूच ठेवते.