गेटावर फोडलेली सुपारी

२०२३ साल. माझं वय सहासष्ट. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीच. लोणंदच्या एका कंपनीच्या गेटावर मी ठेकेदाराकडून वॉचमन होतो. त्या ठेकेदाराच्या सुपरवायझरचा मला तेव्हा जो राग होता तो आजही आहे. कमी झाला असं कुणी सांगितलं तर खोटं समजावं.

शनिवारी बोर्डावर आठवड्याच्या पाळ्या लागत. त्या बघून माणूस घरातलं ठरवतो. पण बोर्ड नुसता भिंतीच्या शोभेला. खरी पाळी सुपरवायझर कळवायचा मोबाईलवर, तीही आपण ताटावर बसल्यावर. "आजोबा, जरा ॲडजस्ट करा." हा शब्द कानावर आला तरी माझं डोकं फिरतं. त्यानं स्वतःची सुट्टी कधी ॲडजस्ट केलेली मी पाहिली नाही.

नातीचं लग्न जमत होतं. तिचा बाप, माझा पोरगा, वारलेला. तिच्या बाजूनं सुपारी फोडायला बसणारा मीच. वडूजचे पाहुणे एकदा यायला निघाले आणि ऐन वेळी माझी पाळी बदलली. मी त्यांना परत फिरवलं. तेव्हा नवऱ्या मुलाचा चुलता फोनवर म्हणाला होता, "आजोबांना येळ नसंल तर आमाला दुसऱ्या पोरी हायत." ते मी गिळलं. पुन्हा गिळणार नव्हतो. पाहुण्यांना पुन्हा रविवारी बोलावलं आणि सुपरवायझरकडं आठवडाभर आधी त्या दिवसाची सुट्टी मागितली. त्यानं हो म्हटलं, बोर्डावर लिहिलंही.

रविवारी सकाळी मी फेटा बांधत होतो, सून पुरण वाटत होती, पाहुण्यांची गाडी फलटण सोडून पुढं आली होती. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन.

"आजोबा, तो दुसरा आला नाही. लगेच या."

"पाहुणे वाटंवर हायत साहेब. नातीची सुपारी हाय."

"मग त्यांना संध्याकाळी बोलवा. गेट मोकळं राहिलं तर उद्यापासून येऊ नका."

नोकरीवरनं हाकललेला आजा म्हणून पाहुण्यांपुढं बसायचं होय? म्हटलं, "येतो. पण पाहुण्यांसकट येतो."

सुनेनं कपाळाला हात लावला. मी घोंगडी खांद्यावर टाकली, सुपारी-नारळ पिशवीत घातला आणि चुलत्याला फोन करून गाडी थेट गेटावर बोलावली.

गेटाशेजारच्या लिंबाखाली घोंगडी अंथरली. चुलता उतरला, कंपनीच्या पत्र्याकडं बघत म्हणाला, "आवं, सोयरीक करायला बोलावलंय का माल उतरायला?"

मी त्याला सगळं सांगितलं. ॲडजस्टसकट. शेवटी म्हटलं, "मागल्या बारीला तुमाला परत फिरवलं. आज काय बी झालं तरी फिरवनार न्हाई. बसा."

 चपला काढून चुलता घोंगडीवर बसला.

बोलणी चालू असताना ट्रकवाले हॉर्न मारत. मी फेट्यासकट उठायचो, गेट उघडायचो, परत येऊन बसायचो. अडकित्ता हातात घेतला आणि मोटारसायकलवरनं सुपरवायझर आला.

"हे काय चाललंय? उठवा सगळ्यांना! कंपनी आहे ही!"

मी तोंड उघडायच्या आत चुलता म्हणाला, "तुमीच का ते ॲडजस्टवाले? लय ऐकलं तुमचं. तुमच्यापायी आमची पोळी आजोबांच्या घरी गार झाली. आता सुपारी फुटंपातूर तुमी गेट सांभाळा."

तेवढ्यात ट्रकानं हॉर्न मारला. मी जागचा हललो नाही. दुसरा हॉर्न झाला, तिसरा झाला. शेवटी साहेब गेला आणि गेट त्यानं उघडलं. इकडं सुपारी फुटली.

संध्याकाळी मोबाईलवर निरोप आला: उद्या सकाळी येऊ नका, रात्रपाळीला या. बोर्डावर माझी पाळी सकाळची होती.

सकाळी उठलो, मोबाईल बंद करून सुनेच्या पिठाच्या डब्यात ठेवला आणि बोर्डावरच्या वेळेला गेटावर हजर झालो. माझ्या खुर्चीत नवा माणूस बसला होता. त्याला म्हटलं, "ऊठ गड्या. तुझी पाळी बोर्डावर बघून ये." तो बघायला गेला आणि मी खुर्चीत बसलो.